हिरवी फुंकणी

मी गूळ सोडला, आणि पुढच्याच आठवड्यात माझा श्वास लाल झाला.

आमच्या फाउंड्रीच्या फाटकावर श्वास तपासायचं यंत्र आहे. धुळीच्या प्रत्येक कारखान्यात ते असलंच पाहिजे, असा कायदा होऊन आता काही वर्षं झाली. त्याचं सरकारी नाव एवढं लांबलचक आहे की ते उच्चारतानाच दम लागतो, म्हणून आम्ही त्याला फुंकणी म्हणतो. कामावर जाताना फुंकणीत एक लांब श्वास सोडायचा. आतलं यंत्र त्या श्वासातली अल्डिहाइडं मोजतं. छातीतल्या पेशी पोळू लागल्या की त्यांच्या चरबीतून ही रसायनं तयार होतात आणि श्वासावाटे बाहेर पडतात. ती कमी असली तर हिरवा दिवा लागतो, फाटक उघडतं. जास्त असली तर लाल. एका जरी माणसाचा श्वास लाल आला, तरी कायद्यानं त्याचा अख्खा विभाग बंद करून हवा तपासावी लागते.

आमच्या फेटलिंग विभागात गेली दोन वर्षं एकही लाल दिवा लागला नव्हता. फेटलिंग म्हणजे ओतलेल्या लोखंडी भागांच्या कडा ग्राइंडरनं घासून साफ करायच्या. साच्यातली वाळू त्या भागांना चिकटून आलेली असते. ती ग्राइंडरखाली फुटते आणि पिठासारखी उडते. असल्या ठिकाणी सगळेच्या सगळे हिरवे म्हणजे कौतुकच. पार दिल्लीहून माणसं ते कौतुक बघायला येऊन गेली होती.

आणि त्या दिवशी मी लाल.

सेफ्टीचे घोरपडे साहेब फाटकापाशीच उभे होते. "मशिनचं काहीतरी झालं असेल. परत फुंका, मगदूम."

परत फुंकलं. परत लाल. माझ्यामागे रांगेत जालंदर होता. शेजारच्या ग्राइंडरवरचा, शाळेपासूनचा मित्र.

"काय मर्दा," तो म्हणाला, "सकाळी सकाळी चूल फुकून आलास काय?"

रांग हसली. मीही हसलो. घोरपडे साहेब मात्र हसले नाहीत. त्यांनी मला बाजूला घेतलं, कपाळाला हात लावला आणि स्वतःच ठरवून टाकलं, "ताप आहे तुम्हाला. घरी जावा. बरं वाटलं की या."

"ताप न्हाई साहेब."

"आहे म्हणतोय ना मी."

अशा रीतीनं माझ्या लाल श्वासाचा ताप झाला. विभाग चालू राहिला. मी घरी आलो.

गूळ का सोडला, ते सांगायला हवं. लग्नाला बरीच वर्षं होऊन गेल्यावर पल्लवीला, म्हणजे माझ्या बायकोला, दिवस राहिले होते. आधी दोनदा पोटातच गेलं होतं. मी काही फार देवभोळा माणूस नाही, जोतिबाला मी सहसा त्रास देत नाही. पण या वेळी डोंगरावर गेलो आणि बोलून आलो, की बाळ सुखरूप घरी येईपर्यंत मी गुळाला शिवणार नाही. कोल्हापूरच्या माणसानं गूळ सोडायचा म्हणजे काय, ते कोल्हापूरच्याच माणसाला विचारा. चहासुद्धा बिनगुळाचा, बिनसाखरेचा पिऊ लागलो. तोंड कडू, पण मन निवांत झालं होतं.

आता या गुळाबद्दल. धुळीच्या कामाला गूळ ही आमच्याकडची जुनी रीत. शिफ्ट सुटली की प्रत्येकाच्या हातावर एकेक खडा ठेवायचा. गुळानं छातीतली धूळ खाली उतरते अशी समजूत. ती खरी की खोटी, हे बघायच्या भानगडीत कुणी पडलं नव्हतं. बघितलं ते अवंतीनं.

अवंती माझी मेहुणी, पल्लवीची धाकटी बहीण. कॉलेजची सगळी वर्षं ती आमच्याच घरी राहिली. तिला गाडी चालवायला मी शिकवलं. तिचं डोकं दुखलं की पल्लवीच्या आधी मी उठायचो. पीएच.डी.च्या मुलाखतीला तिला सोडायला गेलो आणि दिवसभर बाहेर झाडाखाली बसून राहिलो, जसं काही माझीच परीक्षा होती. पोटची नव्हती एवढंच. पुढे ती कारखानदारांच्या संशोधन केंद्रात रसायनशास्त्रज्ञ म्हणून लागली आणि तिनं आमच्याच धुळीवर काम सुरू केलं, तेव्हा मी कॉलर ताठ करून फिरत होतो.

तिनं एकदा जेवताना मला ते समजावून सांगितलं होतं.

"दाजी, खो-खो खेळलायसा न्हवं?"

"तालुक्याला खेळलोय."

"मग कळंल तुम्हाला. इलेक्ट्रॉन जोडीनं राहतात. वाळूचा कण फुटला की त्याच्या ताज्या कडेवर एकेकटे इलेक्ट्रॉन उरतात. असा एकटा इलेक्ट्रॉन घेऊन फिरणारा रेणू म्हणजे फ्री रॅडिकल. त्याला चैन पडत नाही. तो शेजारच्या रेणूकडून एक ओढून घेतो. मग शेजारी एकटा पडतो, तो पुढच्याकडून ओढतो."

"म्हणजे खो दिला."

"हां. पेशीच्या भिंतीत असा खो सुरू झाला, की भिंत फाटेपर्यंत थांबत नाही. ती फाटते तेव्हा अल्डिहाइडं सुटतात, आणि ती आणखी नासधूस करतात. मग मी काय केलं? मधे असा एक गडी बसवला, जो खो घेतो आणि उठतच नाही."

तो गडी म्हणजे फेरुलिक आम्ल. उसाच्या चिपाडात ते भरपूर असतं, आपण ते चिपाड चुलीत घालतो. हे आम्ल आपल्याकडचा एक हायड्रोजन रॅडिकलला देऊन टाकतं, म्हणजे रॅडिकल शांत. मागे उरलेला एकटेपणा आम्ल आपल्या अंगावर पसरून घेतं आणि कुणाच्या वाटेला जात नाही. अवंतीनं त्या आम्लाला आणखी एक शेपूट जोडलं. ते शेपूट रक्तातल्या अल्डिहाइडांना पकडून लघवीवाटे बाहेर काढतं. एका रेणूला दोन हात, एकानं रॅडिकल धरायचं, दुसऱ्यानं अल्डिहाइड. असा तो रेणू गुळात मिसळला की झाला औषधी गूळ.

पण दोन वर्षांपूर्वी कंपनीनं हा गूळ आणला तेव्हा आमच्या विभागातलं कुणी खाईना. कंपनी आपण होऊन काही चारते, म्हणजे त्यात काहीतरी काळंबेरं असणार, हे कामगाराला सांगावं लागत नाही. तेव्हा मी सगळ्यांच्या मधे उभा राहून म्हणालो, "माझ्या घरात वाढलेली पोरगी हाय. ती तिच्या दाजीला वंगाळ चारंल काय?" जालंदरनं पहिला खडा उचलला. मग सगळ्यांनी उचलला. माझ्या शब्दावर.

तर त्या लाल दिवशी पल्लवीनं घाबरून अवंतीला फोन लावला. मी फोन घेतला. तिचा पहिला प्रश्न होता, "दाजी, गूळ बंद केलायसा?"

छातीत दुखतं का, खोकला आहे का, काही नाही. थेट गूळ. मी नवसाचं सांगितलं.

"नवस दुसऱ्या कशाचा तरी धरा की. भात सोडा. पण गूळ खावा."

"बोललोय आता. बदलायला जोतिबा काय दुकानदार हाय?"

ती चिडली, मग रडवेली झाली, मग पल्लवीशी बरंच बोलली. मला तेव्हा त्यात फक्त तिची माया दिसली. वाटलं, किती जीव आहे या पोरीचा आपल्यावर.

पुढचा आठवडा मी घरी बसून काढला. पल्लवी अवघडलेली असूनही रोज ताजी आमटी करून वाढत होती, समोर बसून शेवटच्या थेंबापर्यंत संपवायला लावत होती. आठवड्यानं फाटकावर गेलो, जीव मुठीत धरून फुंकलं, आणि हिरवा दिवा लागला. घोरपडे साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मी संध्याकाळी परस्पर डोंगरावर गेलो आणि नारळ फोडून आलो. देव पावला म्हणजे दुसरं काय असतं?

काम पुन्हा सुरू झालं. पण एक गोष्ट मला आता खटकू लागली. ग्राइंडरच्या डोक्यावर धूळ ओढून घेणारे मोठे पंखे आहेत. ते पूर्वी दिवसभर घोंघावायचे, शेजारच्याचं बोलणं ऐकू यायचं नाही. आता ते तपासणी असली की चालायचे, एरवी बंद. आम्हाला ते बरंच वाटलं होतं, गप्पा मारता येत होत्या. मी घोरपडे साहेबांना विचारलं. ते म्हणाले, "सगळे हिरवे आहात की. कुणाला वारा घालायचाय?"

मग एक दिवस जेवणाच्या सुट्टीत जालंदर कॅन्टीनच्या जिन्यावर मधेच बसला. मला वाटलं नाटक करतोय, कारण नाटक करणं हा त्याचा जोडधंदा होता. मी म्हणालो, "ऊठ की गड्या, भजी संपतील." त्यानं मान वर केली. ओठ निळे पडले होते. त्याला बोलायचं होतं आणि बोलण्यापुरती हवा त्याच्यात नव्हती.

मी त्याला सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी छातीचा स्कॅन काढला आणि पडद्यावर मला दाखवला. फुफ्फुसभर पांढऱ्या गाठी होत्या.

"वाळू साचलीय," त्या म्हणाल्या. "तिच्याभोवती गाठी धरल्यात. हे एकदोन महिन्यांत होत नाही."

"पण बाई, सकाळीच ह्याचा श्वास हिरवा हुता. दोन वर्षं हिरवाच हाय."

"मग ते यंत्र काय मोजतं, ते यंत्रवाल्यांना विचारा. मला जे दिसतंय ते मी सांगते." त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "तुम्ही पण तिथेच काम करता? चला, तुमचाही काढू."

माझ्याही छातीत गाठी होत्या. जालंदरइतक्या नाहीत. "सुरुवात झालीय," बाई म्हणाल्या. "ही मागे फिरत नाही. थांबवता आली तरी नशीब समजा."

घरी येताना बसमध्ये मी हिशेब मांडत होतो. जालंदर गूळ खात होता, हिरवा होता, आणि त्याची छाती दगडाची झाली. मी गूळ सोडला आणि लाल झालो, म्हणजे माझा लाल दिवाच खरा बोलत होता. इथवर कळलं. पण मग मी परत हिरवा कसा झालो, आणि कामावर परतल्यावरही रोज हिरवाच कसा राहिलो? गुळाचा कण माझ्या तोंडात गेला नव्हता. उत्तर समोर होतं, आणि ते मला नको होतं. पुढचा स्टॉप आमचा होता तरी उतरावंसं वाटेना.

पल्लवी मेथी निवडत बसली होती. मी चप्पल न काढताच विचारलं, "माझ्या पोटात गूळ गेलाय काय?"

तिचे हात थांबले. "गूळ न्हाई."

"मग?"

"अवंतीनं पावडर दिलीया. आमटीत घालतो मी."

"कवापासनं?"

"तुम्ही लाल झालासा तवापासनं." ती मान वर करीना. "नवस गुळाचा हुता न्हवं? ह्यात गूळ न्हाई, नुसतं औषध हाय, असं अवंती म्हणाली."

"आनि तू ऐकलंस."

"ऐकलं. मी भ्यालो हो. पोटात हे असं, आनि तुम्हीच न्हाई ऱ्हायलासा तर मी काय करू? देवाची माफी मी मागितली असती. तुमास्नी कुठनं आणलं असतं?"

मला तिचा भयंकर राग आला. ज्या लेकरासाठी मी नवस बोललो, त्या लेकराच्या आईनं तो माझ्या ताटात मोडला होता, रोज समोर बसून, मी जेवतोय ना हे डोळ्यांनी बघत. आणि मी वेडा डोंगरावर नारळ फोडून आलो होतो. मी ओरडलो. काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. ती गप ऐकत होती, कारण तिला अजून वाटत होतं की तिनं मला वाचवलंय. मग मी जालंदरचं सांगितलं, माझा स्कॅन दाखवला. तेव्हा तिला कळलं की तिनं मला वाचवलं नव्हतं, फक्त दिवा रंगवला होता. ती भिंतीला टेकली आणि पोटावर दोन्ही हात घट्ट धरून बसली. माझा राग तिथेच अर्धा झाला. उरलेला मी ज्याचा त्याला द्यायला निघालो.

अवंतीचं केंद्र वसाहतीच्या दुसऱ्या टोकाला आहे. ती खाली बागेत आली. माझा चेहरा बघताच तिला समजलं असावं, कारण तिनं 'या दाजी' म्हटलं नाही.

"जालंदर दवाखान्यात हाय," मी म्हणालो.

"कळलं मला."

"तुझं आम्ल रॅडिकल पकडतं का न्हाई?"

"पकडतं. शंभर टक्के पकडतं." ती बाकावर बसली आणि खाली बघत बोलू लागली. "पण रक्तातलं आणि पेशींच्या बाहेरचं. फुफ्फुसात सफाई करणाऱ्या पेशी असतात, त्या वाळूचा कण गिळून टाकतात. एकदा कण त्यांच्या पोटात गेला की तिथपर्यंत माझं आम्ल पोचत नाही. आत खो चालूच राहतो. पेशी फुटते, कण सुटतो, दुसरी पेशी गिळते, ती फुटते. प्रत्येक वेळी एक व्रण पडतो. व्रणांच्या गाठी होतात."

"आनि फुंकणी?"

"फुंकणी अल्डिहाइड मोजते. ती श्वासात यायच्या आधीच माझ्या रेणूचा दुसरा हात पकडतो."

"म्हणजे आग तशीच, आनि धूर तेवढा पुसलास."

तिनं होकारार्थी मान हलवली.

"हे तुला कवा कळलं?"

"उंदरांवर चाचणी घेतली तेव्हाच."

उंदरांवर. म्हणजे पहिला खडा जालंदरनं उचलला त्याच्याही आधी. बागेत माळी पाणी मारत होता, आणि मला त्याचा पाइप हिसकावून काहीतरी फोडावंसं वाटलं.

"माझं ऐका तरी, दाजी. थोडा उपयोग होत होता, रक्ताची नासधूस कमी होत होती. मला वाटलं, पंखे आहेतच, वर हे. अर्धं तर अर्धं. मला काय माहीत, सगळे हिरवे दिसल्यावर हे लोक पंखेच बंद करतील?"

"बंद केल्यावर तर माहीत झालं न्हवं?"

"झालं." तिचा आवाज बारीक झाला. "तेव्हा बोलले असते तर सगळं काम बंद पडलं असतं. पुढचा रेणू तयार होत होता, जो पेशीच्या आत जाऊ शकेल. त्याला गूळ खाणाऱ्या माणसांची माहिती लागत होती. रोजची, वर्षानुवर्षांची. दुसरीकडे कुठे मिळणार होती?"

"आमची."

"हो."

"त्यात मी मधेच लाल झालो. तुझी सगळी माहिती नासली असती. म्हणून पावडर दिलीस. अवंती, खरं सांग. तुला माझी काळजी हुती का लाल दिव्याची?"

ती खोटं बोलली असती तर मला बरं वाटलं असतं. 

"दोन्ही, दाजी," ती म्हणाली.

मी तिथून उठलो. आयुष्यात पुष्कळ माणसांनी मला फसवलं आहे, फसवून घेण्यात मी तसा वाकबगार आहे. पण आपण ज्याला घास भरवले त्यानं आपल्यावर प्रयोग करावा, आणि त्यात पुन्हा थोडी मायाही असावी, याला काय म्हणायचं ते मला अजून सुचलेलं नाही. मला रडू आलं ते रस्त्यात आलं, हेल्मेटच्या आत.

दुसऱ्या दिवशी शिफ्ट सुरू व्हायच्या आधी मी फाटकावर उभा राहिलो आणि सगळ्यांना सगळं सांगितलं. माझा स्कॅन दाखवला. म्हणालो, "गूळ थांबवा. आठवड्यात तुमचे खरे रंग दिसतील. विभाग बंद हुईल, हवा तपासतील, पंखे चालू हुतील."

रांगेतून कुणीतरी म्हणालं, "तूच चारलास की रं आम्हास्नी."

"व्हय. मीच."

"मग आता विभाग बंद झाल्यावर घरात चूल पण तूच पेटीवणार काय?"

 निम्म्या लोकांनी संध्याकाळी नेहमीसारखा खडा घेतला आणि माझ्याकडे बघत तोंडात टाकला. निम्म्यांनी नाही घेतला. त्या निम्म्यांचे दिवे आठवडाभरानं लाल होऊ लागले. इतक्या माणसांना एकदम ताप आला म्हणणं घोरपडे साहेबांनाही जमलं नाही. विभागाला सील लागलं. चौकशी बसली. गूळ हा केवळ पूरक आहार होता, असं कंपनीनं सांगितलं. माहितीचा अभ्यास सुरू आहे, असं अवंतीच्या केंद्रानं सांगितलं. माझ्यामुळे घरी बसावं लागलेले लोक रस्त्यात दिसले की दुसरीकडे बघतात. जालंदर मात्र बघतो. नाकात नळी घालून खाटेवर पडल्या पडल्या तो परवा मला म्हणाला, "तुजं काय चुकलं न्हाई गड्या, मलाच गोड लई आवडतं." एवढं बोलायला त्याला तीनदा थांबावं लागलं.

मुलगी झाली. धडधाकट, काळ्याभोर जावळाची, आणि आवाज असा की शेजारी विचारत आले. घरी आणली तेव्हा मी तिला घेऊन जिना चढलो आणि वर पोचल्यावर मला तिला पटकन पल्लवीकडे द्यावं लागलं, इतका दम लागला होता. पल्लवीनं ते बघितलं. माझ्या छातीतलं घड्याळ कुठवर आलंय, हे आम्ही दोघं बोलत नाही, पण दोघांना ते ऐकू येतं.

बारशाच्या आदल्या दुपारी अवंती आली. कुणी बोलावलं नव्हतं. वाळलेली दिसत होती. तिनं बाळाकडे बघितलं, मग पर्समधून एक छोटी तपकिरी बाटली काढून टेबलावर ठेवली.

"नवा रेणू. पेशीच्या आत जातो. वाळूच्या कणाला गुंडाळून टाकतो, मग तिथून खो सुटतच नाही. गाठी वाढायच्या थांबतील, दाजी. तुम्ही जगाल."

"आतापर्यंत कुणाला दिलायस?"

"उंदरांना. माणसांत कुणालाच नाही. तुमच्यासाठी म्हणून न विचारता आणलाय. कळलं तर नोकरी जाईल."

"म्हणजे पहिला मीच."

तिनं बाटली टेबलावरून माझ्याकडे सरकवली.

"ह्यानं फुंकणी हिरवी हुती?"

"होते. पण या वेळी खरीखुरी हिरवी."

"आनि मी ओळखायचं कसं?"

"स्कॅनमध्ये दिसेल. वर्षभरानं."

वर्षभरानं. मला हसू आलं, हसण्याचा खोकला झाला आणि खोकला लवकर थांबेना. पल्लवी बाळाला खांद्यावर घेऊन आतल्या खोलीच्या दारात उभी होती. तिच्या डोळ्यांत मला सरळ दिसत होतं, की घ्या, काहीही असलं तरी घ्या. मलाही घ्यायचं होतं. मला जगायचं होतं हो, या पोरीला चालताना बघायचं होतं. फक्त एकदा कुणीतरी खात्री द्यायला हवी होती, आणि ती देणारं माणूस जगात एकच होतं, तेही हे.

मी म्हणालो, "अवंती, शपथ-बिपथ तू मानत न्हाईस. मला म्हाईत हाय. पण आमची शेवटची खात्री तीच. ह्या लेकराच्या डोक्यावर हात ठेव आनि सांग, हे खरं हाय म्हणून. लगेच पितो."

मला वाटलं, ती शास्त्र सांगेल, नाही म्हणेल. पण तिचे डोळे भरून आले. "ठेवते," ती म्हणाली. ती पल्लवीजवळ गेली आणि तिनं हात पुढे केला.  ती खरं बोलत होती असं मला त्या क्षणी वाटलं, अजूनही कधी कधी वाटतं.

हात बाळाच्या जावळापर्यंत पोचायच्या आत पल्लवी एक पाऊल मागे सरली. तिनं बाळाचं डोकं आपल्या तळहातानं झाकून घेतलं.

"नगं अवंती," ती म्हणाली. "मला ही एकच हाय."

 मग अवंतीनं हात खाली घेतला आणि टेबलावरची बाटली उचलली. तिला थांबवावं असं माझ्या मनात आलं. पण तोवर पल्लवीनं तिच्यासाठी बाहेरचं दार उघडलं होतं.